घंटीच्या सुरातलं चाक

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चाक परत आलं. कोचने सकाळी गाडीतून काढलं आणि दुकानाच्या दाराशी भिंतीला टेकवलं. टेकेना! उन्हात विसरलेल्या पुठ्ठ्यासारखं वळलंय. कुठल्याही बाजूने ठेवा, घसरून खाली येतं. शेवटी आडवं टाकलं.

अठ्ठावीस स्पोक. सगळे माझ्या हातांनी भरलेले. एकही तुटलेला नाही, आणि चाक गेलं.

कोच म्हणाला, "ताई, निवड चाचणीच्या दुसऱ्या फेरीत, दगडांच्या उतारावर. भिंगरीने डावीकडे वळण घेतलं आणि मागचं चाक खालून निघूनच गेलं." मी विचारलं, वेग किती होता तिचा? तो म्हणाला, "तुमच्या मुलीचं हाड मोडलंय ताई. आणि तुम्ही वेग विचारताय?"

विचारला खरा. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला नाकारता यायचं नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

भिंगरी घरी आली. गळ्याच्या हाडावर धातूची पट्टी बसवलीय, सहा स्क्रू. डावा हात झोळीत. ह्यांनी तिला उशा लावून दिल्या, पाण्याची बाटली उजव्या हाताला ठेवली, पंखा कमी केला. मी दारात उभी. काय करावं सुचेना. "दुखतंय का?" विचारलं. "नाही गं," म्हणाली. चेहरा पांढराफटक, आणि म्हणे नाही गं.

बुधवारचं डोक्यातून जात नाही. पडली त्याच्या चार दिवस आधीचा बुधवार. सरावावरून आली, सायकल उभी केली आणि म्हणाली, "आई, मागचं चाक वळणावर डुलतंय." दुकानात कोच होता, दोन गिऱ्हाईकं होती. मी काउंटरवरची, माझ्या वडिलांची घंटी वाजवली, मग स्पोकला नख मारलं. दोन्हींचा सूर एक. मी म्हटलं, "चाक नाही डुलत, तुझं लक्ष डुलतंय. नानांच्या घंटीपेक्षा तुला जास्त कळतं का?"

गिऱ्हाईकं हसली. ती पण हसली थोडी. मग सायकल आत नेऊन ठेवली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकान उघडलंच नाही.

३ मार्च, मंगळवार

कोच घरी आला होता. दुसरी निवड चाचणी एकोणीस एप्रिलला आहे. पहिल्या चार जणी टीममध्ये. भिंगरीचं तेविसावं चालू आहे, म्हणजे तेवीसखालच्या गटातलं शेवटचं वर्ष. डॉक्टर म्हणतात मार्चअखेर सायकल चालवता येईल. तोवर खोलीतल्या स्टँडवर, एका हाताने, नुसतं पायडल.

"जमेल?" मी विचारलं. कोच म्हणाला, "पाय आहेत तिचे. दम आहे. पण चाकं बघा ताई. हलकी हवीत, आणि या वेळी वाकता कामा नयेत."

हलकी हवीत आणि वाकता कामा नयेत! बारीक हवी आणि धडधाकट हवी, सुनेच्या जाहिरातीसारखं. एरवी हे त्याला तोंडावर ऐकवलं असतं. आज इथे लिहितेय.

भिंगरीला विचारलं, कंपनीची तयार चाकं घ्यायची का? माझ्याकडे न बघता म्हणाली, "तूच बांध." एवढंच. हा विश्वास आहे की शिक्षा, मला कळत नाही.

६ मार्च, शुक्रवार

चार दिवस कॅटलॉग वाचतेय. रिमचं वजन, रिमची रुंदी, खोली, चाकाच्या मधल्या हबची कड किती लांब. डोळ्यांपुढे आकडे नाचतात.

गेलं ते चाक हलक्या ॲल्युमिनियमच्या रिमचं होतं. जोडीचं वजन तेराशे नव्वद ग्रॅम. ती रिम मीच निवडली होती. चढावर प्रत्येक ग्रॅम पायाला कळतो, आणि चाकावरचा तर दुप्पट, कारण तो नुसता वाहायचा नसतो, फिरवायचाही असतो. म्हणून मी हलकेपणाच्या मागे लागले आणि लेकीचं हाड मोडून बसले. मला वाटतं रिमच मऊ होती. दुसरं काय असणार? बांधणीत चूक नाही. बांधणी घंटीवर झाली आहे.

हे जेवताना म्हणाले, "पोस्टातल्यासारखा वजनकाटा आणलास, आता माझं पण वजन कर." मी हसले नाही. ते पाणीखात्यात मीटर वाचतात, दिवसाला दीडशे घरं. लोकांच्या कटकटी ऐकून घरी येतात आणि तरी विनोद करतात. माझ्यात तेवढं बळ नाही.

१० मार्च, मंगळवार

कार्बनच्या रिम आल्या. कंपनीचा एजंट देऊन गेला, आवडल्या तर ठेवा म्हणाला. ॲल्युमिनियमपेक्षा खोल, ताठ, आणि वर वजनालाही कमी. हातात धरून पिळून बघितली. हूं की चूं नाही.

स्पोक तेच ठेवणार, मध्ये बारीक होत जाणारे, दीड मिलीमीटरचे. नानांचे जाड दोन मिलीमीटरचे असायचे. पण जाड घेतले तर जोडीमागे जवळजवळ दीडशे ग्रॅम वाढतात. नको.

१४ मार्च, शनिवार

दोन्ही चाकं बांधून झाली. जोडी तेराशे पन्नास.

नानांनी मला दहाव्या वर्षी चाक बांधायच्या स्टँडपुढे बसवलं. वडील म्हणून कडक, उस्ताद म्हणून त्याहून. चाक सरळ फिरतं का ते डोळ्याने बघायचं, पण ताण बघायचा कानाने. काउंटरवर पितळी घंटी, गिऱ्हाईक वाजवतं ती. ती वाजवायची, मग स्पोक वाजवायचा. मागच्या चाकाचे उजवीकडचे चौदा स्पोक घंटीच्या सुरात आले की स्पोक आवळायची किल्ली खाली ठेवायची. "एक पाव फेरा जास्त नाही, एक कमी नाही," म्हणायचे. आणि दुसरा नियम: जो चालवणार त्याने किल्लीला हात लावायचा नाही. शर्यतीआधीच्या दिवशी शेवटचं एकदा सगळं चाक वाजवून बघायचं, चालवणाऱ्याच्या समोर, आणि मगच सायकल त्याच्या ताब्यात द्यायची.

नाना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचं एकही चाक परत आलं नाही. माझं आलं.

आज प्रत्येक स्पोकमागे घंटी पुन्हा वाजवत होते. भिंगरी दारात येऊन उभी होती, झोळीतला हात पोटाशी धरून. मी वळून बघितलं तेव्हा निघून गेली.

२१ मार्च, शनिवार

तिच्या खोलीतून स्टँडवरच्या पायडलचा घूं घूं आवाज. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. जेवायला येते, "भाजी दे" म्हणते, ताट उचलते. रागावली असती तर बरं झालं असतं. भांडली असती, दार आपटलं असतं! ही शहाण्यासारखी वागते आणि मी आतल्या आत मरते.

२८ मार्च, शनिवार

डॉक्टरांनी परवानगी दिली. कोच तिला जंगलातल्या वाटेवर घेऊन गेला, नव्या चाकांवर. मी तीन तास दुकानाच्या दाराशी.

आली. "कसं आहे?"
"बरंय."
"डुलतं?"
"बरंय गं आई."

ती आंघोळीला गेल्यावर मी सायकल उलटी केली. मागच्या चाकाशेजारी फ्रेमला आतून घासल्याची खूण. रंग गेलाय, नखाएवढा. टायर घासतंय! म्हणजे वळणावर चाक वाकतंय. कार्बनची रिम, ताठ, नवी कोरी, आणि तरी वाकतंय. घंटी वाजवली. स्पोक वाजवला. एकच सूर.

मग मी जमिनीवर बसून रडले. किती वेळ कोण जाणे. एक बाई चाकात हवा भरायला आली होती, ती तशीच परत गेली.

ती मला "बरंय" का म्हणाली? मला घाबरते का?

३१ मार्च, मंगळवार

नानांचे जाड स्पोक घेऊन मागचं-पुढचं दोन्ही परत बांधलं. तीच रिम, तोच हब, तीच घंटी. जोडी चौदाशे पंच्याण्णव.

१ एप्रिल, बुधवार

चाक भिंतीसारखं उभं राहिलं. फ्रेमला खूण नाही. भिंगरी म्हणाली, "आता ठीक," आणि तिच्या आवाजात काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. मी तर हातच जोडले.

संध्याकाळी कोचने जोडी काट्यावर ठेवली. "एकशे पंचेचाळीस ग्रॅम जास्त? ताई, पाच आठवडे ती घरात होती. बाकीच्या जणी डोंगरात होत्या. तिच्या पायाला आणखी ओझं देताय?"

मी म्हटलं, बारीक स्पोक वाकतात. तो म्हणाला, "सगळं जग बारीक स्पोकवर पळतंय!" सगळ्या जगाचे वाकत नाहीत, माझेच वाकतात. मग माझ्या हातातच काहीतरी मेलंय. पन्नाशीला आले. कदाचित नानांनी जे दिलं होतं ते संपलं.

४ एप्रिल, शनिवार

एजंट रिमचं विचारायला आला. मी म्हटलं, घेऊन जा तुमच्या रिम, चाक वाकतं. तो म्हणाला, "मॅडम, ताण किती ठेवलाय?" मी घंटीकडे बोट केलं. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

पिशवीतून त्याने चिमट्यासारखं एक यंत्र काढलं. स्पोकला लावायचं, काटा बघायचा, आणि तक्त्यात स्पोकच्या जाडीसमोर ताण वाचायचा. आधी जाड स्पोकवालं मागचं चाक. उजवीकडे एकशे अठरा किलो. "व्वा, झकास." मी मान ताठ केली. मग म्हटलं, आता हे बघा. पहिल्या, ॲल्युमिनियमच्या जोडीचं पुढचं चाक अजून खुंटीवर होतं, बारीक स्पोकचं, घंटीवर बांधलेलं. त्याने जास्त ताणाच्या बाजूला चिमटा लावला. परत लावला. तिसऱ्यांदा लावला.

"मॅडम, सहासष्ट."

मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. त्याने जाड स्पोकला परत लावून दाखवलं. एकशे अठरा. मी त्याला बाहेर काढलं दुकानातून! वाईट बोलले. यंत्र तो काउंटरवरच विसरला.

घरी ह्यांना सांगितलं. हे हसले नाहीत. म्हणाले, "अगं, वीस वर्षं मी दारोदार हेच ऐकतोय. मीटर खराब आहे, मीटर खराब आहे. शंभरात एखादाच असतो खराब."

५ एप्रिल, रविवार

कळलं.

सकाळपासून चाकाच्या स्टँडपुढे होते. एक जाड स्पोक, एक बारीक स्पोक, दोन्हीला यंत्राने सारखा ताण दिला. वाजवले. बारीक स्पोक कितीतरी वर बोलतो! साधी गोष्ट आहे. गिटार शिकणारं शाळकरी पोर सांगेल, बारीक तार वरच्या सुरात वाजते. मग बारीक स्पोक घंटीच्या सुरावर थांबवायचा म्हणजे तो अर्धाच ताणायचा. नानांच्या काळात सगळे स्पोक जाड. घंटी त्या स्पोकांसाठी खरी होती. मी गेली तीन वर्षं बारीक स्पोक बांधतेय, आणि दर वेळी अर्ध्या ताणावर किल्ली खाली ठेवतेय. समाधानाने. कान टवकारून.

सपाट रस्त्यावर चालून गेलं. दगडांच्या उतारावर, जोराच्या वळणाला, एका बाजूचे स्पोक पार सैल पडत असणार आणि रिमला धरायला कोणीच नाही. रिम मऊ नव्हती. भिंगरीचं लक्ष डुलत नव्हतं. चाक डुलत होतं, ती म्हणाली तसंच.

माझ्या मुलीचं हाड मी मोडलं. असं लिहिलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

७ एप्रिल, मंगळवार

तीन वर्षांत बारीक स्पोकची किती चाकं बांधली, आठवून आठवून यादी केली. अकरा जोड्या. एकेकाला फोन. "चाक घेऊन या, माझ्या बांधणीत चूक आहे." सात जण आले. दोघांनी गाव बदललंय, पण मला ते चाक चालवणार नाही असं सांगितलं. एकाने नुसतं "बरं" म्हणून ठेवून दिला. एक म्हणाला, "तरीच!" त्या एका शब्दाने दिवसभर पोळलं.

एजंटलाही फोन केला, माफी मागितली. "असू दे मॅडम, यंत्र राहू द्या तुमच्याकडेच," म्हणाला. तो चांगुलपणा तर अजिबात सोसेना.

९ एप्रिल, गुरुवार

बारीक स्पोक, कार्बनची रिम, यंत्राने ताण. एकशे सोळा ते एकशे एकोणीसमध्ये चौदाही. जोडी तेराशे पन्नास. हलकंही आणि ताठही. आधीपासून जमण्यासारखं होतं! वाजवून बघितलं. सूर इतका वर की ओळखू येईना. परक्या माणसाचं चाक वाटलं.

घंटी काउंटरच्या खणात ठेवली. गिऱ्हाईकं आता हाका मारतात.

रात्रीच्या जेवणानंतर भिंगरीला सगळं सांगितलं. ती भांडी विसळत होती, डावा हात अजून जपून. मी म्हटलं, "पहिल्या जोडीचं पुढचं चाक किती निघालं माहितेय?" तिने नळ बंद केला नाही. "राहू दे ना गं," म्हणाली. मी म्हटलं, राहू कसं दे, सहासष्ट निघालं, निम्मं! तिला धक्का बसेल असं वाटलं होतं, ओरडेल असं वाटलं होतं. तिने एक ताट पुसलं, ठेवलं. मग म्हणाली, "आई, तू त्या सगळ्यांना फोन केलेस ना. बास झालं."

तिच्या मनात माझ्यासाठी राग सुद्धा उरलेला नाही, असं वाटून झोप लागली नाही.

१२ एप्रिल, रविवार

उतारावर तीनदा उतरली. फ्रेमवर खूण नाही. "रुळावर असल्यासारखं जातं," कोच म्हणाला. पण चढावर मागे पडते. दम पुरत नाही. पाच आठवडे कुठून भरून काढणार?

१८ एप्रिल, शनिवार

शर्यतीआधीचा दिवस. चालवणाऱ्यासमोर चाक वाजवून सायकल ताब्यात द्यायची, असा नियम. मी यंत्र घेऊन बसले. भिंगरी समोर. एकेक आकडा मोठ्याने वाचला. चौदाव्यानंतर ती म्हणाली, "घंटी कुठाय?" खणात ठेवलीय म्हटलं. "बाहेर काढ. गिऱ्हाईकं काय वाजवतील?"

काढली नाही. धीर होत नाही अजून.

१९ एप्रिल, रविवार

सहावी.

उतारावर सगळ्यांत वेगाने उतरली, घड्याळात तशी नोंद आहे. चढांवर गेलं सगळं. चौथीच्या मागे चाळीस सेकंद. फेब्रुवारीत ती पडली तेव्हा दुसरी होती.

चाक धुळीने माखलेलं, पण सरळ. बोटाने फिरवलं तर केसाएवढंही हललं नाही. इतकं चांगलं चाक मी आयुष्यात बांधलं नव्हतं. आठ आठवडे उशिरा बांधलं.

२० एप्रिल, सोमवार

ती झोपलीय. हे मीटर वाचायला गेलेत. मी दुकानात बसलेय. कोणी आलं नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

भिंगरीची शर्यतीची पिशवी धुवायला रिकामी केली. तळाशी तिची सरावाची वही. किती किलोमीटर, किती चढ, नाडीचे ठोके. मी कधी उघडत नाही. आज पाण्याच्या बाटलीखालून ओढताना उघडली गेली, १९ फेब्रुवारीवर. मी तिला सगळ्यांसमोर बोलले त्याच्या दुसऱ्या दिवसावर.

"मागचं चाक दुसऱ्या टीमच्या मेकॅनिकला दाखवलं. त्याने यंत्र लावलं." खाली चौदा आकडे. ६६, ६४, ६७, ६५... मग: "तो म्हणतो आत्ता घट्ट करून देतो. नको म्हटलं. शनिवारी आई सगळ्यांसमोर घंटीवर वाजवून बघणार. सूर बदललेला तिला कळेल."

आणि खाली, दोनदा रेघ मारून: "उतारावर जपून."